टाळूचा वास

वसई

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

आईच्या मयताला तू पहाटेची गाडी पकडून आलास. निघताना हळूच विचारलंस, "फादरांनी पेटीभोवती धूप का रे फिरवला? वास तर आमच्या देवघरातल्यासारखाच होता." तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटेना. आज निवांत लिहितो.

वास ओळखीचा वाटणारच. बायबलातला ऊद म्हणजे अरबस्तान-सोमालियाकडच्या झाडाचा डिंक. सालीला चीर दिली की दुधासारखा चीक पाझरतो, वाळून त्याचे खडे होतात. आपल्या सातपुड्यातली सालई त्याच गोतातली. धूप म्हणजे वर जाणारी प्रार्थना, असं कुणीही सांगेल. बायबलातल्या 141व्या स्तोत्रात तेच आहे. पण पेटीला धूप देतात तो मेलेल्या माणसाच्या देहाला मान म्हणून, आणि मला तेच जास्त मोठं वाटतं.

बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाच्या टाळूला क्रिझम नावाचं पवित्र तेल लावतात. ऑलिव्हच्या तेलात बाल्सम हे सुगंधी द्रव्य मिसळतात. पवित्र आठवड्याच्या, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्याच्या सुमारास बिशप सगळ्या धर्मगुरूंसमोर त्या तेलावर फुंकर घालतात, मग ते गावोगावच्या चर्चला जातं. आईच्या टाळूला ते 1946 साली लागलं, दृढीकरणाला, म्हणजे श्रद्धा पक्की करणाऱ्या संस्काराला, पुन्हा कपाळाला. त्या दिवसापासून तो देह पवित्र आत्म्याचं मंदिर. मग त्या मंदिराने काय केलं? पहाटे तीनला उठून कंदिलाच्या उजेडात वाडीतला मोगरा खुडला, ओल्या फडक्यात बांधून दादरच्या बाजाराला धाडला, आम्हा चौघांना वाढवलं. तिची बोटं दुपारपर्यंत मोगऱ्याची असत. पेटीवर धूर उतरला तेव्हा मला ती बोटं दिसत होती.

बायबलात योहानाच्या शुभवर्तमानाच्या 12व्या अध्यायात बेथानीची मरीया येशूच्या पायांना जटामांसीचं तेल लावते आणि केसांनी पुसते. जटामांसी, आपल्या हिमालयातली! किंमत 300 दिनार, म्हणजे मजुराची जवळजवळ वर्षाची कमाई. हे विकून गोरगरिबांना का दिलं नाही, असं येशूचा शिष्य यहूदा विचारतो. येशू म्हणतो, राहू दे, हे माझ्या दफनाच्या दिवसासाठी आहे. माणूस जिवंत असताना, जेवायला बसलेला असताना तिने त्याच्या देहाचा मान केला, आणि सगळं घर त्या वासाने भरलं. मी आईचे पाय कधी चेपले, ते आठवत बसलो होतो त्या रात्री. फार थोड्या वेळा, रे.

येत्या रविवारी धाकट्याच्या मुलीचा बाप्तिस्मा आहे. नाव आईचंच ठेवणार. वहिनींना आणि मुलांना घेऊन ये, जेवायलाच थांबा. मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपली की पोरीला तुझ्या हातात देईन. टाळूचा वास घेऊन बघ.

तुझाच