खाटांचा हिशेब

कोलंबस, ओहायो

ती. बाबा व आईस,
शि. सा. नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "डॉक्टर नाहीस, नर्स नाहीस, मग दिवसभर दवाखान्यात करतेस काय?" लेखीच कळवते, म्हणजे सांगलीत कुणी विचारलं तर सांगता येईल.

फेलोशिप म्हणजे एमएचए (दवाखाना चालवण्याच्या व्यवस्थापनाची पदवी) झाल्यानंतरची पगारी उमेदवारी. थोडे दिवस बिलिंग, थोडे दिवस ऑपरेशन थिएटरचं वेळापत्रक. सध्या माझ्याकडे खाटा आहेत. सकाळी सगळ्या वॉर्डांचे प्रमुख उभ्याउभ्याच जमतात: आज कोण घरी जाणार, कोण कशासाठी अडलंय. डॉक्टरांनी सकाळीच सोडलेला माणूस औषधांसाठी, घरच्या ऑक्सिजनसाठी, नाहीतर न्यायला येणाऱ्या लेकासाठी दुपारपर्यंत बसून असतो. तो गेला तरी खाट मोकळी होत नाही; सफाईवाल्या मावशींनी संगणकावर नोंद केली की मगच. खोल्या एकदम रिकाम्या होतात त्या संध्याकाळी, आणि नेमकी तेव्हाच सफाईला माणसं कमी. हे कुठल्या अहवालात नव्हतं, मावशींनी सांगितलं.

एवढी घाई कशाला, म्हणाल. पैसा! पासष्टीपुढच्यांचा सरकारी विमा, मेडिकेअर, 1983 पासून आजारानुसार ठरलेली रक्कम देतो; आपल्या महात्मा फुले योजनेच्या पॅकेजसारखंच. मुक्काम लांबला तर भुर्दंड दवाखान्याला. बरं, घाईने घालवलं तरी सुटका नाही. हार्ट फेल्युअर, न्यूमोनिया अशा काही आजारांत 30 दिवसांच्या आत परत भरती होणारे जास्त निघाले, तर 2012 पासून पैसे कापले जातात. म्हणून घरी गेलेल्यांना नर्स फोन करतात. मी शेजारी बसून ऐकते. बहुतेक घोळ गोळ्यांचाच.

आजोबांच्या वेळी मिरजेत तुम्ही फाइल घेऊन फार्मसी, लॅब, बिलिंग असे जिने चढत होतात. इथे नातेवाइकाला असं कुणी पळवत नाही. पण डबा घेऊन उशाशी बसणारंही अनेकदा कुणी नसतं, आणि एकट्या म्हातारीला कुणाच्या भरवशावर घरी पाठवायचं, यात सोशल वर्करचा दिवस जातो. आपल्याकडचं सगळंच टाकाऊ नाही, हे मला इथे येऊन पटलं.

पुढच्या महिन्यात डोळे दाखवायला मिरजेला जाल, तेव्हा माझं एक काम करा. फाइल कुठल्या टेबलावर सगळ्यात जास्त वेळ पडून राहते, ते घड्याळ लावून बघा. भांडू नका मात्र.

आई, भडंग कुरिअर करू नकोस, सादळतं.

तुमची,
मनू