मावशीच्या तपासणीविषयी, कोपनहेगनहून

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे, जेवण वेळेवर होते आणि थंडीचे कपडे पुरेसे आहेत, तेव्हा या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली असे समजावे. आईचा चौथा प्रश्न, कर्करोगाच्या पेशी हाताळताना मला काही होणार तर नाही ना, हा होता. होणार नाही. त्या पेशी काचेआडच्या कपाटात, हातमोजे घालूनच हाताळतात, आणि दुसऱ्याच्या पेशींना आपले शरीर परके ओळखून सहसा टिकू देत नाही. मावशीला कर्करोग झाला म्हणून तिचे ताट-वाटी वेगळे ठेवा असे सुचवणाऱ्या पाहुण्यांनाही हेच सांगावे.

बाबा, मी नेमके काय करते हे तुम्ही विचारले होते. पेशी विभागण्यापूर्वी तिला आपल्या डीएनएची, म्हणजे आनुवंशिक माहितीच्या धाग्यांतल्या सुमारे ६०० कोटी अक्षरजोड्यांची, नक्कल करावी लागते. हे काम साधारण ८ तासांत उरकते, कारण नक्कल हजारो ठिकाणांहून सुरू होते. ही ठिकाणे आधीच नेमलेली असतात, त्यांतली बरीचशी राखीव असतात आणि एका फेरीत एकच ठिकाण दोनदा सुरू होऊ नये अशी पेशीची व्यवस्था असते. मिक, रास, सायक्लिन-ई ही वाढीची आज्ञा देणारी जनुके निरोगी पेशीतही असतात, पण ती बिघडून सतत आज्ञा देऊ लागली की ही व्यवस्था कोलमडते. सायक्लिन-ई वाढले तर तयारीचा वेळ आखडतो आणि पुरेशी ठिकाणे नेमण्याआधीच नक्कल सुरू होते. मिक वाढले तर नको तितकी ठिकाणे एकदम सुरू होतात. दिंडोरीच्या बागेत विरळणी न करता सगळेच घड वेलीवर राखले तर एकाही घडाचे मणी नीट फुगत नाहीत, तसाच हा प्रकार आहे: डीएनए जोडण्याचा कच्चा माल अपुरा पडतो, नक्कल मध्येच अडते आणि अडलेल्या जागी धागा तुटतो. हा माल बाहेरून पुरवला तर तुटणे कमी होते, असे २०११ मध्ये दाखवले गेले. अशा तुटण्याच्या खुणा कर्करोग होण्याआधीच्या गाठींतही असतात, हे २००५ मध्ये दोन गटांनी दाखवले, त्यांतला एक याच शहरातला. धागा तुटल्याची वर्दी मिळताच पी-५३ सारखी जनुके पेशीला थांबवतात. पी-५३ निकामी झाले की तुटलेला डीएनए घेऊनच पेशी वाढत राहते. मी डीएनएचे धागे काचपट्टीवर ताणून, नव्या नकलेला लाल-हिरवा रंग देऊन, ती किती पुढे सरकली ते मोजते.

इथली एक रीत मात्र अजून उमगत नाही. ज्याचा वाढदिवस त्यानेच सर्वांसाठी केक आणायचा, आणि केकशेजारी डेन्मार्कचा राष्ट्रध्वज ठेवायचा! मी आधी समजले की कोणी मंत्री येणार आहे. घरोघरी वाढदिवसाला ध्वज, नाताळच्या झाडावर ध्वजांची माळ, विमानतळावर पाहुण्याला घ्यायला आलेल्या आजीच्या हातातही ध्वज. आणि यात देशभक्तीचा आव कोणी आणत नाही, तो निव्वळ आनंदाचा कागद आहे, असे मला अनेकांनी समजावले. माझ्या वाढदिवसाला मी शिरा नेला. ध्वज त्यावरही रोवला गेला.

आता मावशीचे. डॉक्टर ज्यांची तपासणी सुचवतात ती बीआरसीए-१ आणि २ ही जनुके वर लिहिलेल्या वाढीची आज्ञा देणाऱ्या जनुकांच्या उलट कामाची आहेत: अडलेल्या नकलेला ती सांभाळतात आणि तुटलेला धागा बिनचूक सांधतात. त्यांत जन्मतः दोष असलेल्या स्त्रियांपैकी शंभरातील सुमारे ७० जणींना वयाच्या ८० वर्षांपर्यंत स्तनाचा कर्करोग होतो, आणि तो दोष प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी असते. पण स्तनाच्या शंभर कर्करोगांपैकी पाच-दहाच असे आनुवंशिक असतात, म्हणून आई, तू आत्ताच घाबरू नकोस. आधी मावशीची तपासणी. तिच्यात दोष निघाला तरच तुझी, आणि तुझ्यात निघाला तर आम्हा दोघींची. दोष निघालाच, तर त्याच उणिवेचा फायदा घेऊन गाठीच्या पेशी मारणारे ओलापारिब हे औषधही आहे. ते मावशीला लागू पडेल का, हे डॉक्टर सांगतील. मुंबईला टाटा रुग्णालयात यासाठी सल्ला मिळतो.

तपासणीचा खर्च मी पाठवत आहे. द्राक्षांचे पैसे मोडू नका, आणि शिष्यवृत्तीतून मला काय उरते याचा हिशेबही मागू नका. नाशिकरोडच्या स्थळाला मावशीच्या आजाराबद्दल बोलू नये, असे आईने लिहिले आहे. माझे मत याउलट आहे. त्यांना सगळे सांगा, तपासणी होणार आहे हेही सांगा, आणि त्यावर त्यांनी नकार दिला तर माझ्यापुरता तो विषय संपला. आई, तू त्याचे दुःख करू नकोस. केमोच्या दिवशी मावशीसोबत धाकटी जाते आणि मी इथे धाग्यांची लांबी मोजते, हे मला रोज दिसते, म्हणून फोनवर मी जास्तच हसते, एवढे तुम्ही ओळखले असेलच. दिवाळीला सुट्टी मिळणे कठीण आहे. द्राक्षे उतरायच्या वेळी येण्याचा प्रयत्न करते. पैसे जमा झाले की धाकटीला कळवायला सांगा, आणि मावशीच्या अहवालाची प्रत मला पाठवा.

आपली,
रेवा