बायोडिझेलच्या नावाखाली काय विकलं जातंय ते तपासा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी लातूरला डिझेलच्या पंप-नोझलचं काम करतो. पिकअप, टेम्पो, ट्रॅक्टर, काळीपिवळी, बोअरच्या गाड्या, सगळं येतं आमच्याकडं. आणि हल्ली जो तो एकच विचारायलाय, भाऊ बायोडिझेल टाकलं तर चालंल का, रोडवर डिझेलपेक्षा स्वस्त भेटायलंय. याचं उत्तर हो किंवा नाही असं एका शब्दात देता येत नाही, आणि तुमचा पेपर गावोगाव वाचला जातो म्हणून हे पत्र लिहायलोय. थोडं लांबेल पण पूर्ण छापावं ही विनंती.

आधी हे सांगतो की बायोडिझेल ही चीज वाईट नाही. तेल किंवा चरबी घ्यायची, त्यात मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक सोडा नाहीतर पोटॅश टाकून गरम करून ढवळायचं, मग खाली ग्लिसरीन बसतं आणि वर जे पातळ पिवळसर राहतं ते साफ करून त्यातलं पाणी पूर्ण काढलं की ते बायोडिझेल. ढोबळ हिशोबानं १०० किलो तेलाला १० किलो मिथेनॉल लागतं आणि १०० किलो बायोडिझेल अन् १० किलो ग्लिसरीन निघतं. (मिथेनॉल विषारी आहे, डोळे जातात, पटकन पेट घेतं, त्यामुळं व्हिडिओ बघून घरी करायच्या भानगडीत कोणी पडू नये.) असं नीट बनवलेलं, आयएस १५६०७ या मानकात बसणारं बायोडिझेल डिझेलमध्ये थोडं मिसळलं तर धूर कमी होतो आणि पंपाला वंगणही चांगलं मिळतं. हे वंगणाचं महत्त्वाचं आहे कारण १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ डिझेल आलं, त्यात गंधक फक्त १० पीपीएम (दहा लाखात दहा भाग) आहे, आणि गंधक काढताना डिझेलचा मूळचा वंगणाचा गुण पण जातो, तो भरून काढायला एक-दोन टक्के बायोडिझेल सुद्धा पुरतं. आपल्याकडच्या डिझेलच्या मानकात ७ टक्क्यांपर्यंत बायोडिझेल चालतं. निव्वळ बायोडिझेल टाकलं तर ताकद आठ-नऊ टक्के कमी पडते, म्हणजे ॲव्हरेज तेवढं उतरणार, पण थोड्या मिश्रणात ड्रायव्हरला काही जाणवत नाही.

आता खरा घोळ कुठं आहे ते सांगतो. आमच्याकडं बायोडिझेल या एका नावाखाली तीन वेगळ्याच गोष्टी चालल्यात.

एक तर वर सांगितलं ते खरं. दुसरं म्हणजे कच्चं तेल, म्हणजे सोयाबीनचं नाहीतर भजे-वडे तळून उरलेलं तेल फडक्यानं गाळून सरळ टाकीत ओतायचं. असं करणारे सांगतात की डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर पण चालायचं, १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात चाललं होतं. ते खरं आहे, चाललं होतं. पण ते इंजिन वेगळं आणि आजच्या गाडीचं नोझल वेगळं. कच्चं तेल डिझेलपेक्षा दहापट घट्ट असतं. ते बारीक फवारा होऊन उडत नाही, थेंब थेंब पडतं, अर्धवट जळतं, नोझलच्या तोंडावर कोळसा चढतो, पिस्टनच्या रिंगा चिकटतात आणि खाली इंजिन ऑइलमध्ये उतरलं की ऑइलचा चीक होतो. सुरुवातीला गाडी मस्त पळते, म्हणूनच माणूस फसतो, खर्च नंतर निघतो.

तिसरा प्रकार सगळ्यात वाईट. रोडच्या कडेला पत्र्याचं शेड, एक टाकी, एक नोझल, नाहीतर टँकर उभा करून विकायलेत. त्याच्यात तेलापासून बनलेलं काहीच नसतं, कारखान्यातलं बेस ऑइल (वंगण बनवायचं खनिज तेल), सॉल्व्हंट, रॉकेलसारखं काहीतरी एकत्र केलेलं असतं आणि नाव बायोडिझेल. महाराष्ट्रात आणि गुजरातमध्ये अशा धंद्यांवर पोलिसांनी आणि पुरवठा खात्यानं धाडी टाकलेल्या आहेत, बातम्या तुम्हीच छापता. धाड पडली की तो धंदा चार किलोमीटर पुढं सरकतो. असल्या तेलानं पंपाचे प्लंजर कोरडे घासतात, इंजेक्टर गळायला लागतात, आणि कॉमन रेल (जास्त दाबानं डिझेल मारणाऱ्या नव्या) गाडीत चारही इंजेक्टर आणि पंप काढायची वेळ आली तर ज्याची एकच पिकअप आहे त्याचं अख्खं सीझन जातं. लिटरमागं वाचवलेले पैसे कुठल्या कुठं. फार वाईट वाटतं साहेब, कारण गिऱ्हाईक हप्ते भरणारं असतं आणि त्याला कोणी बिल दिलेलं नसतं, तक्रार करायची तर कशाच्या जोरावर करणार.

ओळखायचं कसं म्हणाल तर पहिली चाचणी घनतेची. डिझेलची घनता १५ अंशाला साधारण ८१० ते ८४५ किलो प्रति घनमीटर असते आणि खऱ्या बायोडिझेलची ८६० ते ९००. आपल्याकडच्या उन्हात दोन्ही आकडे थोडे खाली येतात पण फरक राहतोच. बायोडिझेल म्हणून विकलेल्या मालाची घनता डिझेलएवढी नाहीतर त्याच्याही खाली भरली तर ते बायोडिझेल नाही, मग विकणारा काहीही सांगो. घनता बरोबर आली म्हणजे माल शंभर टक्के खरा असं मात्र नाही, त्याला लॅबचा रिपोर्टच लागतो. पेट्रोल पंपावर आपल्याला घनता तपासून मागायचा हक्क आहे, पाच लिटरचं माप मागता येतं. तोच हक्क इथं का नको?

बीएस-६ गाडीवाल्यांना हात जोडून सांगतो, कंपनीच्या पुस्तकात लिहिलंय त्याच्या वर जाऊ नका, ते खरं बायोडिझेल असलं तरी. या गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवायचा फिल्टर असतो. तो साफ करायला इंजिन मधूनमधून जास्तीचं डिझेल उशिरा मारतं. बायोडिझेलची वाफ व्हायला जास्त उष्णता लागते, त्यामुळं ते सिलेंडरच्या भिंतीला चिकटून खाली ऑइलमध्ये जातं. ऑइलची काडी बघितली तर लेव्हल वाढलेली दिसते, माणूस खूश होतो की ऑइल खात नाही, आणि आत बेअरिंग खराब होत चाललेलं असतं.

जुन्या जीपा आणि ट्रॅक्टरवाल्यांचं वेगळं आहे. बायोडिझेल टाकी धुवून काढतं, वर्षानुवर्षांचा गाळ सुटून फिल्टरमध्ये येतो, म्हणून पहिल्या एक-दोन टाक्यांनंतर फिल्टर बदलावाच लागतो. जुने साधे रबरी पाइप अन् सील फुगतात, नरम पडतात. आणि बायोडिझेल पाणी धरतं, पावसाळ्यात सेपरेटरचं पाणी सोडत जा. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ते टाकीत भरून गाडी उभी ठेवू नका. आपल्याकडं पेरणी झाली की बरेच ट्रॅक्टर महिनोन्‌महिने हलत नाहीत, तेवढ्या दिवसांत ते आंबट होतं, चिकट होतं. पामतेलापासून बनलेलं असंल तर थंडीत गोठायला पण लागतं, परभणीला पारा दहाच्या खाली जातो तेव्हा सकाळी गाडी चालू न होण्याचं हे एक कारण असू शकतं.

मग बायोडिझेल नकोच का? हवंय. पण खायच्या सोयाबीन तेलातून नको, देश निम्म्याच्या वर खाद्यतेल बाहेरून आणतो. मोगली एरंडाचं पण झालं करून, केंद्राच्या २००९ च्या जैवइंधन धोरणात २०१७ पर्यंत २० टक्के मिश्रण म्हणले होते, कोरड्या बांधावर त्या झाडाला तेवढं बी धरलंच नाही. आता २०१८ च्या धोरणात २०३० पर्यंत ५ टक्के म्हणलंय. त्याला हातात असलेला माल म्हणजे वापरलेलं तेल. एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१८ मध्येच नियम लागू केला की तेलातले खराब घटक २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तळायला वापरायचं नाही, आणि असं तेल गोळा करून बायोडिझेल करायची योजना पण काढली. लातूरला शिकणाऱ्या पोरांच्या मेस किती आहेत, संभाजीनगर-नांदेडची हॉटेलं, फरसाणवाले, लग्नाचे केटरर्स, तेल कमी आहे का? ते काळं तेल आज स्वस्तात गाड्यांवर जातं आणि लोकांच्या पोटात जातं. तेच गोळा होऊन मराठवाड्यातच चांगला प्लांट चालला तर पोटाचं पण भलं आणि गाडीचं पण.

आठही जिल्ह्यांच्या कलेक्टर साहेबांना आणि पुरवठा खात्याला माझी मागणी साधी आहे. बायोडिझेल विकणाऱ्या प्रत्येकानं परवान्याचा नंबर, त्या मालाचा लॅब रिपोर्ट आणि घनता बोर्डावर लावावी, पक्कं बिल द्यावं, आणि खात्यानं न सांगता जाऊन नमुने घ्यावेत आणि निकाल पेपरला द्यावेत, कोणाचा पास कोणाचा नापास नावासकट. तुम्ही पण हा विषय लावून धरावा.

आणि ज्यांच्या गाडीत असलं तेल आधीच पडलंय त्यांनी चालू करून बघत बसू नका. टाकी पूर्ण खाली करा, फिल्टर बदला, चांगल्या पंपाचं डिझेल भरा, आणि काढलेलं तेल फेकू नका, एका स्वच्छ बाटलीत लेबल लावून तारीख, जागा लिहून ठेवा, तक्रार करायला उपयोगी येतं.

आपला नियमित वाचक,
एक पंप-नोझल मेकॅनिक, लातूर