रुजू होण्याआधी वाच

सदर, नागपूर
१२ फेब्रुवारी

प्रिय शलोमी,

प्रभूच्या नावात सलाम आणि खूप खूप आशीर्वाद.

मार्चमध्ये तू बस्तरच्या मिशन दवाखान्यात रुजू होशील. "मिशनरींना मारतात" हे तुला सगळेच ऐकवताहेत. कसं मारतात, कुठे आणि कशापायी, हे कुणी सांगत नाही. नर्स म्हणून तुला तेच माहीत हवं.

आजच्याच तारखेला, २००५ साली, ब्राझीलमध्ये अनापूजवळच्या जंगलवाटेवर सिस्टर डोरोथी स्टँग यांना गोळ्या घातल्या. वय ७३. त्या भूमिहीन शेतकऱ्यांच्या बाजूनं उभ्या होत्या आणि मोठ्या जमीनदारांना ती जमीन हवी होती. आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात सिस्टर राणी मारिया यांना २५ फेब्रुवारी १९९५ ला इंदूरला जाताना बसमधून ओढून भोसकलं. उदयनगर भागात त्यांनी आदिवासींचे बचतगट उभे केले, बँकेचं कर्ज मिळवून दिलं आणि सावकाराचं व्याज आटलं. खून कुठल्या प्रवचनामुळे झाला नाही, बंद पडलेल्या मिळकतीमुळे झाला. म्हणून गावात गेल्यावर पहिल्या महिन्यात एवढं शोध: आपण आल्यानं कुणाचा धंदा बसतो? बोगस डॉक्टर, भगत, सावकार, औषधवाला. त्यांना टाळू नकोस, स्वतः जाऊन भेट. ओळख असलेल्या माणसाविरुद्ध अफवा पेटवणं अवघड जातं.

व्हॅटिकनची फिदेस वृत्तसंस्था दर डिसेंबरअखेर मारल्या गेलेल्या कॅथलिक मिशनसेवकांची यादी काढते. २०२३ मध्ये २० नावं, २०२४ मध्ये १३. त्यातले बरेच जण घरात शिरलेल्या चोरांच्या हातून किंवा रस्त्यात अडवून मारले गेले. म्हणजे धोका रोजच्या घरात आणि आपल्या नेहमीच्या, सगळ्यांना माहीत असलेल्या ये-जेत असतो.

ओडिशातलं मनोहरपूर आठव. ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स तिथल्याच बारीपद्याला कुष्ठरोग्यांची सेवा करायचे आणि दरवर्षी मनोहरपूरला जंगल कॅम्पला, म्हणजे खेड्यातल्या ख्रिस्ती लोकांच्या मेळाव्याला जायचे. कधी येणार, कुठे उतरणार, सगळ्यांना ठाऊक. २२ जानेवारी १९९९ ची रात्र थंडीची होती. प्रार्थनामंदिरासमोर उभ्या केलेल्या गाडीतच ते दहा आणि सहा वर्षांच्या दोन्ही मुलांसह झोपले. जमावानं गाडी पेटवली, सोडवायला धावणाऱ्यांना अडवून धरलं. मला ते वाचवत नाही, तरी दर जानेवारीत वाचते. गाडीत कधी झोपू नकोस. मुक्काम असेल तर दोन दारांच्या पक्क्या घरात, आणि गाडीचं तोंड रस्त्याकडे. टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायची नाही. आठवडी फेरीचा वार आणि वाट बदलत राहा. निघताना एक फोन, पोचल्यावर एक. अर्धा तास उशीर झाला तर दवाखाना तुला फोन करेल, दोन तास झाले तर पोलिसांना. हा नियम कागदावर लिहून ड्यूटी रूममध्ये लाव. तोंडी नियम रात्रपाळीला कुणाला आठवत नाहीत.

रस्ता नुसताही जीव घेतो. ज्यांच्या नावानं आपलं हिस्लॉप कॉलेज आहे ते मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटजवळ पुराचा ओढा ओलांडताना बुडाले. कुणी शत्रू नव्हता. पावसाळ्यात अंधार पडल्यावर पाण्यात गाडी घालायची नाही, पेशंट कितीही गंभीर असला तरी.

आता संशयाचं. वसईत जन्मलेले फ्रान्सिस्कन ब्रदर गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत पंचवीस जणांसोबत क्रुसावर गेले, कारण पाद्र्यांमागून स्पेनची फौज येते असा जपानच्या सत्ताधाऱ्यांना संशय होता. आज संशयाचं नाव आहे "प्रलोभन", म्हणजे धर्म बदलायला लालूच दाखवणं. मध्य प्रदेशच्या १९६८ च्या धर्मांतरविरोधी कायद्यात, जो छत्तीसगडकडे तसाच आला, रोख वा वस्तुरूपातली भेटही या व्याख्येत धरली होती. म्हणून फुकट काही वाटू नकोस. केसपेपरचे पैसे सगळ्यांना सारखे, दरपत्रक भिंतीवर, माफी दिली तर कारणासह रजिस्टरमध्ये नोंद. ओपीडीत प्रार्थना नको. कुणी मागितली तर ड्यूटी संपल्यावर, बाहेर, त्याच्या घरच्यांसमोर. यानं श्रद्धा उणी होत नाही, शलोमी. आजारी माणूस लाचार असतो, त्याच्या लाचारीला हात लावायचा नाही.

जमाव आलाच तर वाद घालू नकोस, फोन उगारून शूटिंग करू नकोस. बोलायला एकच माणूस, तोही गावचा. तू वॉर्डाचं दार लाव आणि मदतीसाठी ११२ ला फोन कर. नंतर तक्रार लेखी, दोन प्रतींत, आपल्या प्रतीवर ठाण्याचा शिक्का. "हद्द आमची नाही" म्हणाले तर झीरो एफआयआर माग, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे तो नोंदवावाच लागतो आणि प्रत फुकट मिळते. तरी नाकारलं तर तीच तक्रार पोस्टानं एसपींना.

आणखी एक मनात ठेव. ४ मार्च २०१६ ला येमेनमधल्या एडनच्या वृद्धाश्रमात १६ जण मारले गेले. त्यातल्या मदर तेरेसांच्या सिस्टर चार. बाकीच्या बारांची आठवण फार थोडे काढतात. धोका आधी वॉचमन आणि ड्रायव्हरवर येतो. रात्री दार उघडायचं का, हे त्यांच्यावर ढकलू नका. त्यांच्या घरचे नंबरही तुझ्या वहीत असू देत.

पुढे परदेशी पाठवलं तर अपहरणाचाही विचार करावा लागेल. ऑक्टोबर २०२१ मध्ये हैतीत मिशनचे १७ जण एकाच गाडीतून अनाथाश्रमाहून परतत होते, त्यात लहान मुलंही होती. सगळे एकदम पकडले गेले. माणशी दहा लाख डॉलर मागितले. असे फोन घरी आले की पहिला प्रश्न असतो, माणूस जिवंत आहे का. त्यासाठी तीन प्रश्न लागतात, ज्यांची उत्तरं फक्त आपल्या घरात माहीत आहेत. कुत्र्याचं नाव चालणार नाही, तुझ्या फोटोंखाली ते दहादा लिहिलेलं आहे. उत्तरं तुझ्या हातानं लिही, रक्तगट आणि पेनिसिलिनची ॲलर्जीही त्यावर टाक. एक बंद पाकीट मिशनच्या ऑफिसात दे, दुसरं रविवारी चर्चला येशील तेव्हा माझ्या हातात दे.

तुझी,
आई