ताईंचे म्हणणे ऐकून घेणाऱ्या सरांना जाहीर पत्र

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

शिरोली एमआयडीसीतील आमच्या फाउंड्रीचे (ओतकामाच्या कारखान्याचे) डिस्पॅचचे, म्हणजे माल रवाना करण्याचे, संगणकावरचे रेंगाळलेले काम पुन्हा सुरळीत सुरू झाले आहे. त्याचे श्रेय आपले आहे, हे चारचौघांत सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

आपल्याआधी आलेल्या तज्ज्ञांपैकी एकाने सर्व्हरची रॅम वाढवायला लावली, दुसऱ्याने इंटरनेटच्या लाइनला दोष दिला आणि तिसऱ्याने तर डिस्पॅचच्या ताईंनाच ‘तुम्ही फार घाईने बटणे दाबता’ असे सर्वांसमोर सुनावले. गेटवर ट्रक खोळंबलेले, चलन निघत नाही आणि वर हे ऐकून घ्यायचे! त्या वाक्याचा मला आजही राग येतो.

आपण मात्र आल्या आल्या ताईंच्या शेजारी खुर्ची ओढून बसलात आणि विचारलेत, “ताई, नेमके कशानंतर अडते?” सकाळी सगळे झटपट चालते, पण एकदा कास्टिंगची (ओतीव भागांची) पूर्ण यादी उघडली की त्यानंतर गाडी नंबर भरायचे साधे पानसुद्धा रेंगाळते, असे त्यांनी सांगितले. हे त्या आधीही सांगत होत्या. लिहून घेतलेत ते आपणच.

शोध त्यावरूनच लागला. एकच सर्व्हर होता तोवर एएसपी डॉट नेट या वेब प्रणालीचे सेशन (एका वापरकर्त्यासाठी पानापानांत जपून ठेवलेली माहिती) इनप्रॉक पद्धतीने त्याच प्रोसेसच्या मेमरीत राहत असल्यामुळे ऑब्जेक्ट सिरियलाइझ करण्याचा, म्हणजे साठवण्याजोग्या रूपात बदलण्याचा, प्रश्नच नव्हता. दोन सर्व्हर झाल्यावर सेशन दोघांनाही वाचता यावे म्हणून एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये गेले. यादीचा अख्खा डेटासेट (माहितीच्या तक्त्यांचा संच) सेशनमध्ये होता आणि वरच्या पट्टीत नगांची संख्या दाखवण्यासाठी प्रत्येक पान तो वाचत होते, त्यामुळे प्रत्येक विनंतीला तो नव्याने उभा करावा लागे. डेटाबेसकडे मागितलेल्या माहितीचे, म्हणजे क्वेरीचे, उत्तर क्षणात येत असल्याने आधीच्यांचे तिकडे लक्षच गेले नाही. ऑब्जेक्ट बायनरी रूपात बदलणारा बायनरीफॉरमॅटर वापरला तरी, डेटासेटची रिमोटिंगफॉरमॅट ही सेटिंग मुद्दाम बायनरी केल्याशिवाय, डेटासेट आतून एक्सएमएलच्याच, म्हणजे लांबलचक मजकुराच्याच, रूपात जातो, हे आपण प्रोफायलरमध्ये (वेळ कुठे जातो ते दाखवणाऱ्या साधनात) दाखवलेत. शिवाय एक विनंती सेशन लिहिण्यासाठी धरून असली की त्याच सेशनची दुसरी थांबते. ताईंच्या दोन खिडक्या एकमेकींमुळे अडत होत्या, त्यात घाईचा काही संबंधच नव्हता. यादी कॅशमध्ये (सर्व्हरच्या तात्पुरत्या साठ्यात) आणि सेशनमध्ये फक्त निवडलेले कोड, एवढ्या बदलाने पाने पूर्वीसारखी उघडू लागली.

पण सर, माझ्या मनात राहिले आहे ते वेगळेच. मालक केबिनमध्ये अहवालाची वाट पाहत असताना आपण आधी डिस्पॅचच्या टेबलापाशी गेलात आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालात, “ताई, तुम्ही सांगितलेत तेच खरे निघाले.” ताईंनी नुसती मान हलवली आणि पुढचे चलन काढायला घेतले, पण त्या दिवसापासून त्या कोणतीही अडचण बिनधास्त सांगतात आणि आमची पोरेही ती नीट ऐकून घेतात. ज्ञान असलेली माणसे कोल्हापुरात पुष्कळ आहेत. समोरच्याचे म्हणणे आधी खरे मानून मग तपासायला बसणारा सज्जनपणा मात्र मी फार थोड्यांत पाहिला आहे.

ताईंनी आपल्याला आवर्जून नमस्कार सांगितला आहे. आमच्याकडे नव्याने रुजू झालेल्या मुलांशी आपण एकदा येऊन बोलावे, अशी त्यांची आणि माझी विनंती आहे. आपल्या सवडीचा दिवस कळवावा.

आपला कृतज्ञ,
फाउंड्रीच्या संगणक विभागातील एक प्रोग्रामर
कोल्हापूर