बदलणारी भिंत, पण आपल्या हवेसाठी

मा. संपादक,

हवामानानुसार बदलणाऱ्या भिंतींवरचा कालचा लेख वाचला. हा विषय घेतलात याचा आनंद आहे, पण मेण भरलेल्या फलकांची शिफारस ठाणे-नवी मुंबईला लागू पडत नाही. हे मेण दिवसा वितळताना उष्णता शोषते आणि रात्री पुन्हा गोठावे लागते. २५ अंशांना गोठणारे मेण इथल्या मे महिन्यात रात्रभर पातळच राहणार, मग दुसऱ्या दिवशी ते शोषणार काय? ३० अंशांचे घेतले तर गोठेल, पण ते कामाला लागेपर्यंत घरात एसी सुरू झालेला असतो. गारव्यासाठी भिंतीवर पाणी झिरपवण्याचेही तेच. दमट हवेत ते फारसे उडत नाही.

इथे बदलायला हवी ती भिंतीबाहेरची सावली, तीही आधी पश्चिमेला. दुपार कलली की छज्जा निरुपयोगी ठरतो, उभ्या फिरत्या पट्ट्याच लागतात. त्या काचेच्या बाहेर हव्यात, कारण आतल्या पडद्यावर पडलेले ऊन घरात शिरलेलेच असते.

खाडीच्या खाऱ्या हवेत बिघाड सुरू होतो तो सांध्यात. अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीत स्टीलचा स्क्रू थेट बसवला की भोवती पांढरी भुकटी धरते, पट्टी अडकते, ती फिरवणारी मोटार जोर लावत राहते आणि जळते. ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचा स्क्रू, मध्ये नायलॉनचा वॉशर आणि हाताने फिरवायचा दांडा, हे टेंडरमध्येच लिहून घ्यावे. पॅरिसच्या अरब वर्ल्ड इन्स्टिट्यूटच्या दक्षिण भिंतीवर १९८७ मध्ये उन्हानुसार उघडमीट करणारे २४० फलक आले. त्यांतली बरीच यंत्रणा पुढे अडकली. लेखात या भिंतीचा फोटो आहे, ही माहिती नाही.

लेखात सांगितलेली '३० टक्के बचत' कोणत्या भिंतीच्या तुलनेत, हेही लिहिलेले नाही. मायवानची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेली १६० मिमी काँक्रीट भिंत २०० मिमी एएसी (हवेची छिद्रे असलेल्या हलक्या काँक्रीटच्या) ब्लॉकच्या भिंतीपेक्षा चौपटीहून जास्त उष्णता आत घेते. घोडबंदर रोडच्या टॉवरांत आधी हा फरक मोजा.

आणखी एक. खिडकीबाहेर बांबूची चिक, म्हणजे काड्यांचा पडदा, लावली की 'एलिव्हेशन (इमारतीचे बाहेरचे रूप) बिघडते' म्हणून कित्येक सोसायट्या नोटीस काढतात. लोखंडी ग्रिलला मात्र कुणाची हरकत नसते. पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरून सावलीची मुभा देणारा ठराव सोसायट्यांनी सर्वसाधारण सभेत आणावा, यावर आपण लिहावे.

— एक वाचक, ऐरोली