या वेळी काम नव्हतं

सेलू,
मंगळवार

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू तीनदा 'सॉरी अण्णा' म्हणालीस, म्हणून लिहायला बसलो. फोनवर तुझी आई मध्येच बोलते आणि माझं सांगायचं राहून जातं. औरंगाबादला तू बुक केलेल्या लॉजवर जे झालं त्यात तुझी काही चूक नाही. भाऊबीजेनंतरचा शनिवार-रविवार, अख्खा महाराष्ट्र वेरूळ बघायला निघालेला. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "काका, तुमचं बुकिंग दिसत नाही." मी तुझा मेसेज दाखवला, तर म्हणाला, "हे तुमच्याकडं दिसतंय, आमच्याकडं नाही." आमच्या डोळ्यांदेखत त्यानं एका कुटुंबाला किल्ली दिली, आणि तीही दुप्पट भावानं. तुझी आई त्याला काहीतरी सुनावणार होती, पण मी तिला बाहेर आणलं. वीस मिनिटं दोन पिशव्या घेऊन फुटपाथवर उभे होतो, एवढंच.

मग माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन लावला. वाळूजला कंपनीत आहे, सिडकोत घर आहे. तो अर्ध्या तासात गाडी घेऊन हजर. नववीत असताना मी त्याला सहलीला वेरूळला नेलं होतं. रात्री जेवताना विचारलं, कैलास लेणं आठवतं का रे? म्हणाला, "सर, लेणं नाही आठवत. एसटीत उलटी झाली होती आन् तुम्ही खिशातलं लिंबू दिलं होतं, ते आठवतं." चांगलं शिकवलं म्हणायचं मी!

पण खरं सांगू का, मलाही कुठं आठवत होतं? त्या शहरात गेली तीस वर्षं जातोय. बोर्डात पेपरचे गठ्ठे द्यायला, घाटी दवाखान्यात तुझ्या आजोबांच्या ऑपरेशनला, खंडपीठात शेताच्या केसला. दरवेळी हातात फाईल आणि डोळा परतीच्या गाडीकडं. पाटीवर छत्रपती संभाजीनगर झालं, माझ्या तोंडात अजून जुनंच नाव येतं. वेरूळही सात वेळा झालं, पण ते सहलीतलं. सहलीतला मास्तर लेणं बघत नाही, पोरं मोजतो. चाळीस, एकेचाळीस, बेचाळीस, भरलं, चला पुढं. या वेळी पहिल्यांदाच कुठलं काम नव्हतं. बीबीच्या मकबऱ्याच्या बागेत बसलो तर दहा मिनिटांत मला चुकल्यासारखं व्हायला लागलं, की आपण इथं कशाला आलोय.

मकबऱ्यावर तुझ्या आईनं भिंतीवरून हात फिरवला आणि लगेच पकडलं. खाली संगमरवर, वर गिलावा. आहेच तसं. औरंगजेबाच्या बेगमेसाठी, दिलरस बानूसाठी, तिच्या मुलानं, आझमशहानं ते बांधलं. संगमरवर कमरेच्या थोडं वरपर्यंत आणि मग थेट घुमटाला, मधला बराचसा भाग चुन्याच्या गिलाव्याचा. आई म्हणाली, "आपल्या हॉलच्या फरशीचं झालं तसंच. पैसे सरले असतील." मी इतिहास शिकवला चोवीस वर्षं, पण हे वाक्य मला सुचलं नव्हतं.

रात्री गुलमंडीच्या बाजारात गेलो. दिवाळी संपली तरी पाऊल ठेवायला जागा नव्हती. इमरती खाल्ली, अर्धा किलो बांधून घेतली. पाणचक्की घाईत उरकली, तिच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

रविवारी पहाटे सहाला निघायचं ठरलं होतं. पण त्या विद्यार्थ्याच्या बायकोनं पोहे केल्याशिवाय सोडलं नाही, आणि तिथंच आमचा दिवस फसला. बसस्थानकावरून नऊच्या पुढं एसटी मिळाली. (तुझ्या आईला अर्ध्या तिकिटाचा अजून आनंद होतो. कंडक्टरला आधीच सांगते, "एक फुल्ल, एक हाफ.") दौलताबादला जुन्या तटबंदीतला दरवाजा आहे ना, रस्ता त्याच्या पोटातून जातो. पूर्वी हत्ती-घोडे जात असतील, आता दोन्हीकडून गाड्या तोंडाला तोंड लावून उभ्या. पाऊण तास बस हलली नाही. ड्रायव्हरनं इंजिन बंद करून तंबाखू मळायला घेतली तेव्हा मी समजलो. बाया टोपल्यात सीताफळं घेऊन खिडकीखाली फिरत होत्या. तुझ्या आईनं खिडकीतूनच घासाघीस करून सहा घेतली. एक तिथंच फोडलं, बिया रुमालात गोळा केल्या. म्हणाली, बांधावर लावू.

कैलासात शिरलो तेव्हा बारा वाजले होते. दारातून आत गेलं की समोर गजलक्ष्मी आहे, तिथं फोटोसाठी रांग. मी एका गाईडचं फुकटात ऐकत उभा राहिलो. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण, आठवं शतक, सगळं एकाच खडकात, वरून खाली कोरत आणलेलं. मला पाठ होतं ते, तरी बरं वाटलं. मागं वळून बघतो तर तुझी आई नाही.

बेचाळीस पोरांतलं एक कधी हरवू दिलं नाही मी, आणि एकुलतं एक माणूस हरवलं. तिचा मोबाईल माझ्याच खांद्यावरच्या पिशवीत, सीताफळांखाली. दगडी हत्तीजवळ बघितलं, स्तंभाजवळ बघितलं, मागच्या ओवरीत जाऊन आलो. घाम फुटला. सापडली ती दक्षिणेच्या बाजूला, रामायणाच्या पटासमोर. भोवती पाच-सहा बाया आणि त्यांची लेकरं, आणि ही बोट दाखवून सांगतेय, "हे बघा, वानरं दगडं उचलायलेत. सेतू बांधायलेत." चातुर्मासात देवळात ऐकलेली पोथी सगळी कामाला आली. मला बघून म्हणाली, "कुठं गेला होतात तुम्ही? मी कवाची वाट बघायले."

नंतर बाजूच्या पायवाटेनं डोंगरावर चढलो. गुडघे दुखत होते तिचे, तरी चढली. वरून देऊळ खाली दिसतं, मंडपाच्या छतावरचे सिंह दिसतात, आणि मागची शंभर फूट उंच सरळ दरड. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे विहीर खणली आन् मधात देऊळ ठिवलं." आपली विहीर आठवते का तुला? साठ फूट, दोन उन्हाळे, आणि तीही वाकडी झाली. मीही मग तेवढंच बघत राहिलो, की या लोकांनी मधला दगड सोडायचा कसा ठरवला असेल. पहिल्या दिवशी कोणीतरी माथ्यावर खडूनं रेघ मारली असेलच ना?

घृष्णेश्वराला दोन तासांची रांग होती. आत पुरुषांना सदरा-बनियन काढून जावं लागतं, हे मी विसरलो होतो. बनियनला मागं भोक होतं. पुढचं तुझी आई सांगेल, ती सगळ्यांना सांगायलीय.

तू डिसेंबरात मैत्रिणींना घेऊन येणार म्हणालीस, नाताळच्या सुट्टीत. तेव्हाही अशीच गर्दी असते. तुमचा 'दोन दिवसांत अजिंठा-वेरूळ-दौलताबाद' हा बेत मला पटत नाही. अजिंठा दुसऱ्या दिशेला, शंभर किलोमीटरवर आहे, त्याला पूर्ण दिवस द्या. अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी, ते बघूनच रजा टाका. वेरूळला उजाडताच पोचा, दौलताबादचा तो दरवाजा गाड्यांनी तुंबायच्या आत. आधी कैलास उरका, मग चालत दहा नंबरच्या लेण्यात जा. लोक त्याला सुताराची झोपडी म्हणतात. छताला लाकडी वासे असावेत तशा दगडाच्या फासळ्या आहेत. तिथं गर्दी कमी होती, आम्ही बुद्धासमोर पाय पसरून अर्धा तास बसलो. कोणाला मोजायचं नव्हतं. खिशात सुटे पैसे ठेवा, गर्दीत रेंज जाते आणि ते स्कॅन-बिन काही चालत नाही. आणि राहायला लॉज बघू नकोस. सिडकोतल्या घरून तुमच्यासाठी निरोप आलाय, फक्त पोहे नको म्हणून सांगा.

लॉजचे आगाऊ भरलेले पैसे परत आले का ते बघ. आई विचारायलीय, तिनं इमरतीचा खर्च त्यातच धरलाय.

तुझे
अण्णा